जुन्या लॅपटॉपची दुरुस्ती आणि आपले राजकारण

(कर्जत तालुक्यातील एका ठाकुरवाडीत भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण.)

आजच्या विषयपत्रिकेवर वनहक्क आणि आश्रमशाळा यांच्या पंक्तीला ‘जुन्या लॅपटॉपची दुरुस्ती’ हा विषय पाहून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. हे कारागिराचे काम आहे, ते दुकानदारावर सोपवावे आणि कार्यकर्त्याने आपला वेळ संघटनेला द्यावा, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला सकाळीच सुनावले. त्यांचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच यंत्राविषयी बोलण्यापूर्वी हा विषय आपल्या दाराशी कसा येऊन उभा राहिला, ते सांगणे अगत्याचे आहे.

गेल्या काही वर्षांत नागरिक आणि शासन यांच्यातील व्यवहाराचे स्थान बदलले. पूर्वी आदिवासी माणूस तहसील कचेरीच्या पायरीवर ताटकळत बसे. आज तोच माणूस पडद्यासमोर ताटकळतो. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. आदिवासी विद्यार्थ्याच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावरच भरावा लागतो. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, महाविद्यालयातील प्रवेश, भरतीच्या परीक्षा, या सर्वांची वाट संगणकातून जाते. ही वाट सोयीची आहे हे मी नाकारत नाही. परंतु ज्याच्या घरी यंत्र नाही त्याला कर्जत, नेरळ किंवा खोपोलीच्या बाजारात जावे लागते, एका अर्जासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि संकेतस्थळ त्या दिवशी बंद असले तर दुसरी मजुरी बुडवावी लागते. मुदत टळली की शिष्यवृत्ती जाते. शिष्यवृत्ती गेली की बारावी झालेली मुलगी शेतघरांच्या आणि रिसॉर्टांच्या साफसफाईला लागते. पाच-दहा मिनिटांत सुरू न होणारे यंत्र ही एरवी क्षुल्लक बाब. येथे तिच्यावर एखाद्याचे शिक्षण अडते.

या वाडीच्या अभ्यासिकेत पाच लॅपटॉप आहेत. मुंबईच्या एका कचेरीने नवी यंत्रे घेतली, तेव्हा जुनी येथे दान केली. पाचांपैकी दोन अजिबात चालत नाहीत. उरलेली तीन चालतात. पण कळ दाबल्यापासून अक्षरे दिसेपर्यंत मुले अंगणात खेळून येतात. ही यंत्रे टाकून द्यावीत, नव्यांसाठी आणखी एखादा दाता शोधावा, की हीच दुरुस्त करावीत, असा प्रश्न येथील तरुणांनी आपल्यापुढे ठेवला आहे. त्याचे उत्तर आज द्यायचे आहे.

प्रथम हे यंत्र मंद का होते ते समजून घेऊ. लॅपटॉप जुना झाला म्हणजे त्याचा मेंदू झिजला, अशी समजूत सर्वत्र आहे. ती खरी नाही. दहा-बारा वर्षांपूर्वीचा प्रक्रियक आजही पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, अर्ज भरणे, धडा पाहणे ही कामे बिनतक्रार करू शकतो. अडते ते साठवणीपाशी. जुन्या लॅपटॉपात हार्ड डिस्क असते. तिच्यात गुळगुळीत चुंबकीय तबकड्या फिरत असतात आणि ग्रामोफोनच्या सुईसारखा एक बारीक हात त्यांच्यावरून मागेपुढे सरकतो. १९५६ साली आयबीएम कंपनीने असे पहिले यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्यात पन्नास तबकड्या होत्या आणि सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखपट मजकूर राहतो. पण फिरणारी तबकडी आणि सरकणारा हात ही रचना तीच राहिली.

लॅपटॉपमधील साधारण हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला नव्वद. हवी ती माहिती हाताखाली येण्यासाठी सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते. त्याआधी हाताला योग्य जागी सरकावे लागते. दोन्ही मिळून सेकंदाचा साठावा-सत्तरावा भाग जातो. आपल्याला हा वेळ नगण्य वाटेल. परंतु संगणक सुरू होताना डिस्कच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत विखुरलेल्या हजारो बारीक फायली वाचतो, आणि प्रत्येकीसाठी हीच प्रतीक्षा नव्याने करतो. रास्त भावाच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी दुकानदाराला मूठभर धान्य आणायला गोदामाच्या टोकापर्यंत चालत जावे लागले, तर रांग जशी लांबेल, तशी ही रांग लांबते. दुकानदार आळशी नाही आणि गिऱ्हाइकेही उतावळी नाहीत. गोदामाची रचना सदोष आहे.

एसएसडी नावाच्या साठवणीत फिरणारा एकही भाग नाही. जपानमधील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृतीचा शोध लावला; तिच्या चिपा एका पट्टीवर बसवलेल्या असतात आणि माहिती विद्युतभाराच्या रूपाने राहते. कोणत्याही कप्प्यातील माहिती सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास हाती येते. जाहिरातीत सेकंदाला किती मेगाबाइट वाचले जातात त्याचे मोठे आकडे छापतात. सलग वाचनात जुन्या डिस्कचा वेग शंभराच्या आसपास आणि साध्या एसएसडीचा पाचशेच्या आसपास असतो, म्हणजे फरक पाचपटीचा. पण विखुरलेल्या बारीक वाचनात तो शंभरपटीहून अधिक होतो, आणि रोजच्या वापरात जाणवतो तो हाच. सुरू होण्यास पाच मिनिटे घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आसपास तयार होतो, यात जादू नाही. गोदाम दुकानाला लागून आणले, एवढेच.

येथे बाजाराच्या एका मोहाविषयी सावध करतो. सेकंदाला तीन-चार हजार मेगाबाइट वाचणाऱ्या महाग एसएसडी दुकानात दाखवल्या जातात. जुन्या लॅपटॉपातील साटा जोडणीतून साडेपाचशेच्या वर काही जाऊ शकत नाही. त्याहून जुन्या यंत्रांत पावणेतीनशेच्या. तेव्हा आपल्या यंत्राला अडीच इंची, सात मिलिमीटर जाडीची साधी साटा एसएसडी पुरते. पट्टीसारखी दिसणारी एम-टू एसएसडी आपल्या यंत्रात बसते की नाही, हे उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. अतिस्वस्त मालात खोटी क्षमता छापलेल्या वस्तू असतात. पावती घ्यावी, हमी घ्यावी, आणि घरी आल्यावर प्रथम पूर्ण क्षमतेची तपासणी करावी.

कृती अवघड नाही. आधी यंत्रातील कामाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवायची. यंत्र बंद करून विजेची तार काढायची. बॅटरी सुटी होत असेल तर काढायची, आत असेल तर तिची जोडणी सोडवायची. पाठीमागचे स्क्रू काढताना कोणता कोठला हे कागदावर चित्र काढून त्यावरच चिकटवून ठेवायचे. कारण निरनिराळ्या लांबीचे स्क्रू चुकीच्या भोकात गेले तर आतील पाटी फुटते. अंगातील स्थिर वीज चिपांना घातक असते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी धातूच्या मोठ्या वस्तूला हात लावायचा. जुनी डिस्क मागे सरकवून काढायची, नवी त्याच चौकटीत बसवायची, आणि पेनड्राइव्हवरून कार्यप्रणाली चढवायची. बारावीपर्यंत शिकलेली मुलगी एका दुपारी हे शिकते. तिसरे यंत्र ती कोणाला न विचारता उघडते. जुनी डिस्क शाबूत असेल तर दोनतीनशे रुपयांच्या डबीत घालून ती फायलींच्या प्रतीसाठी वापरता येते.

मात्र या उपायाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडतात, हे आपण सारे लहानपणापासून पाहत आलो. गाडी दमदार होते; पण तुटलेला रूळ त्या इंजिनाने जुळत नाही. तसेच हे आहे. रॅम दोन गिगाबाइट असेल तर एसएसडी टाकूनही यंत्र धापा टाकणार. ती किमान चारवर, शक्य तर आठवर न्यावी, आणि काही यंत्रांत रॅम पाटीलाच जोडलेली असते हे आधी पाहावे. पडद्याचा बिजागर तुटला असेल, बॅटरी फुगली असेल, तर तो दोष वेगळा. फुगलेल्या बॅटरीला आग लागू शकते. ती टोचू नये, दाबू नये, मुलांच्या हाती देऊ नये.

आणखी एक भेद ध्यानात ठेवा. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी पुष्कळदा कुरकुरते, सूचना देते. एसएसडी पुष्कळदा अचानक मान टाकते, आणि मग आतील मजकूर परत मिळवणे जवळजवळ अशक्य होते. धक्क्याला मात्र ती दाद देत नाही. मोटारसायकलवरून डोंगरवाटेने यंत्र नेणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याला हा गुण मोठा आहे. महिनोन्महिने विजेविना पेटीत पडून राहिली तर तिच्यातील विद्युतभार हळूहळू गळतो, म्हणून सुटीतही अधूनमधून यंत्र चालवावे. वनहक्काच्या दाव्यांची कागदपत्रे एकाच यंत्रात ठेवणे म्हणजे सारे बियाणे एकाच कणगीत ठेवणे आहे. त्यांच्या दोन प्रती दोन घरांत असल्याच पाहिजेत. माथेरानच्या डोंगराखालचा पाऊस आपण जाणतो. चार महिने दमट हवेत यंत्राला बुरशी धरते; घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ते ठेवावे.

आता कार्यप्रणालीचा प्रश्न. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा थांबवली. विंडोज ११ साठी कंपनीने ज्या अटी घातल्या, त्यांत साधारणतः २०१७-१८ पूर्वीची यंत्रे बसत नाहीत. म्हणजे धडधाकट यंत्र एका तारखेला कालबाह्य ठरले. यंत्रात काही बिघडले नाही, दूरच्या एका कचेरीत निर्णय झाला. यावर उत्तर मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने दिले आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेला जीएनयू प्रकल्प आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेले लिनक्स यांच्या संयोगातून उभी राहिलेली कार्यप्रणाली मोफत मिळते, वाटता येते, बदलता येते, आणि तिच्यात मराठी लिहिता-वाचता येते. हे हौशी लोकांचे खेळणे नव्हे. केरळ राज्याने २००१ साली शालेय संगणक शिक्षणाचा सरकारी प्रकल्प सुरू केला आणि पुढे आपल्या शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आणल्या. तेथील ‘काइट’ ही सरकारी संस्था मल्याळी शाळांना साजेशी लिनक्स प्रणाली तयार करते. एक राज्य लक्षावधी विद्यार्थ्यांसाठी जे करू शकते, ते आपण पाच यंत्रांवर करून पाहण्यास हरकत नाही. काही सरकारी कामांत डिजिटल स्वाक्षरीचे साधन विंडोजवरच सुरळीत चालते, ही अडचण खरी आहे. त्यासाठी एखादे यंत्र वेगळे ठेवावे.

मित्रहो, एवढा तपशील सांगितल्यावर त्या आक्षेपाकडे वळतो. हे राजकारण कसे?

या दोन तालुक्यांचा इतिहास पाहा. खालापूर तालुक्यात खोपोली येथे १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. कर्जत तालुक्यात भिवपुरीचे १९२२ साली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी येथे खाली कोसळले, आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. ज्या वाड्यांवरून तारा गेल्या, त्यांतील कित्येकांत दिवा लागायला अनेक दशके जावी लागली. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने १९४२ च्या लढ्यात याच भागातील विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. वीज येथून गेली. आणि आज त्या शहराने वापरून टाकलेली यंत्रे येथे येतात.

स्मृतीच्या चिपांचा बाजार पाहिला तर तोच क्रम दिसतो. २०२३ साली २५६ गिगाबाइटची साधी एसएसडी दोन हजार रुपयांच्या आत मिळत असे. २०२५ च्या अखेरीस स्मृतीच्या चिपांचे भाव जगभर झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या प्रचंड विदा केंद्रांनी चिपांची मागणी वाढवली आणि उत्पादकांनी आपला माल त्यांच्याकडे वळवला. मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशिअल’ हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. अशी केंद्रे आपल्यापासून दूर नाहीत. आपल्याच जिल्ह्यात, पनवेलला, २०२० पासून एक मोठे केंद्र चालू आहे. ठाकुरवाडीतील मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आणि जागतिक भांडवल यांचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी कर्जतच्या दुकानातील एसएसडीची किंमत विचारून यावे.

दुसऱ्या बाजूला कचरा आहे. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यातील २२.३ टक्केच नोंदणीकृत पद्धतीने गोळा होऊन त्याचा पुनर्वापर झाला. उरलेल्यापैकी पुष्कळसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत जातो. तेथे गरीब माणसे हातांनी पाट्या फोडतात, तारा जाळतात, आम्लात धातू सोडवतात. भारतात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांत उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे. पण कचरा नीट उचलण्यापेक्षा कचरा होऊच न देणे अधिक शहाणपणाचे. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो वापरताना नव्हे, तो घडवताना पडतो. एक यंत्र पाच वर्षे अधिक चालले, तर खनिज उकरणाऱ्यापासून पाटी जाळणाऱ्यापर्यंत कोणाच्या तरी अंगावरचा भार तितका हलका होतो.

गांधीजींना यंत्राचे शत्रू म्हटले जाते. पण १९२४ साली त्यांनी शिवणयंत्राचा आवर्जून अपवाद केला होता. डॉ. लोहियांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात छोट्या यंत्राचा आग्रह धरला. कामगार संघटनांनी संगणकाशी झुंज दिली, तीही निव्वळ भयापोटी नव्हे. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांनी यंत्रीकरणाविषयी करार केला, तेव्हा यंत्र कोणाच्या अटीवर येणार हाच मुद्दा होता. आज तोच मुद्दा असा विचारावा लागेल: जे यंत्र आपल्याला उघडता येत नाही, ज्याचा भाग बदलता येत नाही, जे दूरच्या कंपनीच्या तारखेला मरते, ते आपले म्हणता येईल काय? नव्या पातळ लॅपटॉपांत रॅम आणि कधीकधी साठवणही पाटीला जोडून टाकतात. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या अधिकाराविषयी समिती नेमली आणि एक संकेतस्थळ उघडले. कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीपुस्तिका देणे बंधनकारक करणारा कायदा ही आपली मागणी असली पाहिजे.

येथे एक गंभीर शंका येते, आणि ती या वाडीतील एका तरुणानेच मला विचारली. शहरातल्यांना नवे, आणि आम्हांला त्यांचे उष्टे दुरुस्त करून वापरा म्हणून उपदेश, हा कुठला समाजवाद? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, दुरुस्ती हा गरिबांसाठी राखीव सद्गुण नाही. आपल्या जिल्हा कचेरीतील यंत्रेही याच रीतीने दुरुस्त झाली पाहिजेत. नवे यंत्र घेण्याचा ठराव आधी तेथे थांबला पाहिजे. आणि दुरुस्त केलेली पाच यंत्रे दाखवून कोणी म्हणू लागले की आता आश्रमशाळेला संगणककक्ष नको, तर त्याला ठणकावून सांगितले पाहिजे की हक्काची मागणी दानाने फिटत नाही. शाळेला यंत्रे, वीज आणि शिक्षक देणे हे शासनाचे कर्तव्य होते आणि आहे. आपण दुरुस्ती करतो ती या वर्षीच्या अर्जाची मुदत टळू नये म्हणून. आणि आपल्या मुलांना यंत्राची भीती राहू नये म्हणून. मोबाइलवर अर्ज भरता येतो हे खरे. पण त्यावर दाव्याची टिपणे लिहिणे, नकाशा पाहणे, पंचवीस कागदांची जुळणी करणे किती कष्टाचे आहे, हे ज्यांनी केले त्यांना विचारा.

भाई कोतवालांनी सावकाराच्या कर्जातून शेतकरी सुटावा म्हणून धान्यकोठीची योजना चालवली होती. त्याच धर्तीवर तालुक्याची एक सामायिक पेटी असावी, अशी माझी सूचना आहे. पेटीत बारीक स्क्रू ड्रायव्हरांचा संच, दोन एसएसडी, रॅमच्या काही पट्ट्या, डिस्क ठेवण्याची डबी, लिनक्सचे दोन पेनड्राइव्ह आणि एक वही. ज्या वाडीने भाग नेला तिने नोंद करावी, आणि सवडीने त्याची किंमत किंवा तसाच भाग परत करावा. न चालणाऱ्या दोन यंत्रांतील शाबूत भाग पेटीत जमा करावेत. उरलेले भंगारवाल्याला न देता अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवावे. दान स्वीकारताना चार गोष्टी विचाराव्यात: यंत्र किती सालचे, रॅम किती, साठवण कोणत्या प्रकारची, बॅटरी कशी. जे यंत्र आपल्याला वापरता येणार नाही ते नम्रपणे नाकारावे. वाडी ही कचऱ्याची कोठी नव्हे. आतील मूळ मालकाचा मजकूर दात्याने पुसूनच द्यावा, आणि राहिला असल्यास आपण तो न वाचता पुसावा. प्रत्येक वाडीतून दोघे या कामासाठी निवडावेत, त्यांतील एक मुलगी असावी; आणि काम शिकलेल्याने पुढच्या दोन महिन्यांत शेजारच्या वाडीत दोघांना शिकवावे.

जेवणानंतर दुपारच्या सत्रात अभ्यासिकेतील तीन यंत्रे आपण उघडणार आहोत. दोन एसएसडी वर्गणीतून आणल्या आहेत. तिसरीसाठी किती रक्कम कमी पडते ते येथील कार्यकर्ते सांगतीलच. स्क्रू ड्रायव्हर मी धरणार नाही, तो वाडीतील मुलींनी धरायचा आहे. ज्येष्ठांनी शेजारी बसून स्क्रू मोजावेत. सायंकाळी यंत्रे सुरू झाली की या वर्षीच्या शिष्यवृत्तीचे किती अर्ज अद्याप राहिले आहेत याची घरोघर यादी करावी आणि ती पुढील बैठकीत मांडावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.